म्हातारे बँड आणि पोरांची बोटं : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

जुने रॉक बँड अजून का चालतात, या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही नीट देतो. तुमचे आक्षेप तीन. हे बँड गाण्यावर नाही, लोकांच्या जुन्या आठवणींवर जगतात. निम्मे वादक वारले किंवा सोडून गेले, उरलंय ते फक्त नाव. आणि सोलापुरात बसून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या लोकांचं कौतुक कशाला, आपलं त्यांच्याशी नातं काय?

शेवटचा आधी घेतो, कारण तो मला लागला.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर कामाला होते. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचो. तिथे शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. धोट्याचा तो ठोका रात्री अंथरुणात पडल्यावरही कानात चालू असायचा. पुढे कॉलेजात एका मित्राने बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ हा बँड ऐकवला आणि मला ते संगीत परकं वाटलंच नाही. बर्मिंगहॅमही कारखान्यांचंच गाव. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या (आपल्या मिरवणुकीतला बँजो वेगळा, तो बुलबुलतरंगाच्या जातीचा), आणि १९७१ पासून तारा सैल करून सूर खाली उतरवला. हेवी मेटल म्हणतात त्या दणकट रॉकचा तो जड, खर्जातला आवाज घडण्यात या दुखापतीचा मोठा वाटा आहे. मागावर बोट गेलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. नातं विचारलंत, म्हणून सांगितलं.

आता आठवणींचा मुद्दा. संध्याकाळी मी गिटार शिकवतो. माझ्याकडे येणारी पोरं तेरा ते अठरा वर्षांची. त्यांना १९७२ ची कसली आठवण असणार? तरी नवीन आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात डीप पर्पल या बँडच्या १९७२ च्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातच मागतो, आणि अर्ध्या तासात ती त्याच्या बोटांत बसते. ज्या क्षणी ती बसते, त्या क्षणी ते गाणं त्याचं होतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, सर. हे बँड ऐकणाऱ्यांमुळे जेवढे टिकले, त्याहून जास्त वाजवणाऱ्यांमुळे टिकले. आयोमीसारख्यांनी गिटारीची अशी छोटी, परत परत येणारी वाक्यं रचली की नवशिक्यालाही ती धरता येतात, आणि नीट वाजवायला मात्र वर्षं लागतात. तुम्ही म्हणाल, २०२२ मध्ये एका मालिकेने मेटॅलिका या बँडचं १९८६ चं गाणं पोरांच्या गळ्यात मारलं. मालिकेमुळे ते त्यांच्या कानावर पडलं, हे खरं. पण साडेआठ मिनिटांचं ते गाणं शिकायला माझे दोन विद्यार्थी चार महिने खपले. जाहिरात एवढं करून घेत नाही.

नाव तेवढं उरलंय, या आक्षेपाला मी पूर्ण नाही म्हणणार नाही. डीप पर्पलमध्ये १९६८ पासून सलग राहिलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेला आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या ड्रमरला घेऊन त्यांचा दौरा सुरू झाला. मलाही तेव्हा ते घाईचं वाटलं होतं. पण आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, खांद्यावर तोलून नेतात त्या उंच काठ्या, आठवा. खांदे दर पिढीला बदलतात, आधी सराव करून नवी पोरं तयार होतात, काठी तीच राहते. तुलना भक्तीची करत नाही, सरावाची करतोय.

पैशाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, ते बरोबर आहे. या बँडच्या कार्यक्रमांची तिकिटं आता आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. २००७ मध्ये आयर्न मेडन हा इंग्लंडचा बँड बंगळुरूला आला तेव्हा मी उद्यान एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून गेलो होतो. आज मुंबईचा कार्यक्रमही परवडत नाही, आणि याचा मला राग येतो.

तरी ५ जुलै २०२५ ची गोष्ट सांगतोच. ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे शेवटचं वाजवायला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर एकत्र आले. ॲस्टनचं ते मैदान, बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न त्याच भागात वाढलेला. पार्किन्सनमुळे त्याला उभं राहवत नव्हतं, सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. आवाज थकलेला होता, हे कबूल. पण तुम्ही लिहिलेला 'गल्लाभरू' हा शब्द मला त्या माणसाला लावता येणार नाही.

ऐकायचंच तर काय ऐकू, असंही विचारलंत. ब्लॅक सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम लावा, जवळजवळ सगळा एका दिवसात रेकॉर्ड झालेला. आधी पाऊस आणि घंटा ऐकू येईल, मग गिटारीचे तीन सूर. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर खालचे सूर कळतच नाहीत.