बार घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा

आमच्या गल्लीतल्या परमिट रूमचे मालक, नाना, बायपासला जागा बघतायत. परवा त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे. बसायची जागा घरापासून चालत जाता येईल अशीच हवी. आम्ही धुळेकर, देवपूरचे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग आमच्या शहरापाशी एकमेकांना मिळतात. त्यांच्या कडेला लायटिंगवाले गार्डन बार आहेत, मोठमोठ्याने गाणी आणि पनीर चिली. बाईकवर जायला मजा येते. पण यायचं कसं? आमच्यातला एक जण असाच रात्री परत येताना पडला. वाचला, पण पायात रॉड आहे. त्यानंतर मी हायवेला बसायला गेलो नाही.

महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं. पुढे जुलै २०१७ मध्ये शहराच्या हद्दीतले बार त्यातून वगळले गेले. धंदेवाल्यांना तो निकाल जाचक वाटला, मला तो मनापासून पटला होता. स्टिअरिंग हातात असलेल्या माणसासमोर बाटली कशाला?

नानांकडे सहा टेबलं आणि एक कूलर. बसल्याबरोबर मूगडाळ आणि कांदा-काकडी येते, आणि साडेनऊला नाना स्वतः विचारतात, "जेवाले काय लावू?" तिथली शेवभाजी म्हणजे शेवभाजी! कांदा आणि सुकं खोबरं काळं होईस्तोवर भाजलेलं, वर तर्री, आणि जाड तिखट शेव ताट समोर येताना टाकलेली. आधी टाकली की तिचा लगदा होतो, हे हायवेवाल्यांना कोण सांगणार? सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद दळलेले, गरम असतानाच खायची. ती नानांच्या घरून येते, काकू थापतात. थंडीत भरीत असतं. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून ठेचलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. त्या धुराचा वास गॅसवर भाजलेल्या वांग्याला येतच नाही. भरीत समोर आलं की दुसरा पेग आपोआप राहून जातो, हा माझा अनुभव आहे.

दारूने घरं बसलेली मी जवळून पाहिली आहेत, माझ्या मामाचंच. त्यामुळे बायका बारच्या नावाने चिडतात ते मला चुकीचं वाटत नाही. पण नाना दारूची उधारी ठेवत नाहीत, जेवणाची ठेवतात. कोणाचा पगार झाला, कोणाचं कापसाचं पेमेंट अडकलंय, हे त्यांना ठाऊक असतं. जास्त झालेल्याला ते हळूच म्हणतात, "बस व्हयनं भाऊ, आते घर जा." आणि तो उठतो, कारण त्याच्या वडिलांनाही नाना ओळखत होते. हायवेवर अनोळखी वेटर हे कशाला बोलेल? त्याला बिल वाढलेलंच हवं.

नानांना मी जाऊ नका म्हटलं. ते म्हणाले, "गल्लीत गिऱ्हाईक उरलं नाही, पोरं सगळी बायपासला जातात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

देवपूरमधले जे वाचतायत त्यांना विनंती. या शनिवारी आठ वाजता नानांकडे या. गाडी घरी ठेवून या. भाकरी किती लागतील ते शुक्रवारी मला कळवा, काकूंना पीठ दळून आणावं लागतं.