हळिवाची पानंही खायची असतात

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: क्रेस ही सॅलडमधली विलायती भाजी, आपल्याकडे होत नाही. हळीव हे वेगळंच बी, त्याची पानं खाऊ नयेत. क्रेस आणि वॉटरक्रेस एकच. आणि हळिवाच्या एका लाडवात दिवसभराचं लोह मिळतं. चारही विधानं चुकीची आहेत, शेवटचं तर घातक.

लाडवातलं हळीव आणि सॅलडमधलं क्रेस एकच वनस्पती आहे: लेपिडियम सटायव्हम, मोहरी-मुळ्याच्या कुळातली. ती मूळची इंग्लंडचीही नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफोन लिहितो, की इराणी मुलं भाकरीसोबत क्रेस खात. आपल्याकडे ‘चंद्रशूर’ या नावाने ती आयुर्वेदाच्या निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, आहे.

पानं खाऊ नयेत हे कुठून आलं कोण जाणे. इंग्लंडमध्ये अंड्याच्या सँडविचमध्ये हीच कोवळी रोपं घालतात. चव मोहरीसारखी झणझणीत, कारण पान चिरलं की मोहरीतल्यासारखीच तिखट द्रव्यं तयार होतात. काकडीच्या कोशिंबिरीत मूठभर घालून पाहा. घरी उगवणंही सोपं आहे. बी आधी भिजवू नका, बुळबुळीत गोळा होतो. ओल्या कापसावर विरळ पसरा आणि रोज पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत अंकुर दिसतात, आठवडा-दहा दिवसांत कात्रीने कापण्याजोगी रोपं होतात. बी मात्र वाण्याकडचं, खायचं घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असू शकतं.

वॉटरक्रेस त्याच कुळातली, पण निराळी, वाहत्या पाण्यात वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. गुरं चरतात तिथली रानटी वॉटरक्रेस कच्ची खाल्ली तर यकृतातल्या पर्णकृमीची (पानासारख्या चपट्या परजीवी किड्याची) लागण होऊ शकते. घरच्या कापसावरच्या हळिवाला हा धोका नाही.

आता लोह. जुन्या भारतीय अन्नतक्त्यांत 100 ग्रॅम हळिवात 100 मिलिग्रॅम लोह दिलं आहे. हाच आकडा धरला, तरी लाडवात ओलं खोबरं आणि गूळच जास्त, हळीव जेमतेम चमचाभर. म्हणजे साधारण 5 ग्रॅम बी आणि 5 मिलिग्रॅम लोह. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लागतं, आणि वनस्पतींमधल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. सोबत लिंबू किंवा आवळा घेतला तर तो थोडा वाढतो, इतकंच. लाडू जरूर खा, उत्तम खाऊ आहे. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. आणि आपल्याकडे हळीव बाळंतपणानंतर देतात, गरोदरपणात टाळतात. ही जुनी रीत मोडायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.