काका, जरा साइडला व्हा ना

दीव. रात्रीचे साडेअकरा. घरचे झोपलेत, मी हॉटेलच्या गॅलरीत बसून टाइप करतोय. लांबलं तर लांबलं, आज डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी नायडा केव्ह्जमध्ये एका पोराने माझ्या वडिलांना सांगितलं, "काका, जरा साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." पोरगा आपलाच, मुंबईकडचा, मराठी बोलणारा. अण्णा लगेच बाजूला झाले. त्यांना सवय आहे बाजूला व्हायची.

मला नाही.

अण्णा तिथे काय करत होते ते सांगतो. भिंतीवर तळवा ठेवून उभे होते. डोळे मिटलेले. वय ७६, त्यातली चाळीसेक वर्षं विरार पूर्वेच्या खदानींत गेली. आम्ही वडार. आजोबांची दगडाची गाडी, अण्णांच्या हातात सुतकी आणि पहार, मी पहिला जो खुर्चीत बसून पगार घेतो. त्यामुळे आमच्या घरात कुठेही फिरायला गेलं की अण्णा आधी भिंतीला हात लावतात आणि मग देवाला. लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

तर नायडा. दीवच्या शहरतटाबाहेर आहे. आत गेलात की बोळामागून बोळ, चौकोनी कापलेल्या पिवळट भिंती, जिन्यासारखे टप्पे, छताला भोकं. भोकांतून ऊन खाली येतं आणि झाडांची मुळं लोंबतात. दिसायला सुंदर आहे, प्रश्नच नाही. सगळे हरखून म्हणतात, निसर्गाची काय किमया! अरे कसली किमया? खाण आहे ती! किल्ल्यासाठी पोर्तुगीजांनी इथून दगड काढला. आपल्याकडे लेणं वेगळं, गुंफा वेगळी आणि खाण वेगळी. कान्हेरीला ज्यांनी डोंगर कोरला त्यांना आतली जागा हवी होती. इथे हवा होता तो माल निघून गेला, उरलंय ते भोक. त्याला 'केव्ह्ज' म्हटलं की तिकडे मजूर होते हे कुणाच्या मनातही येत नाही.

आमच्या मुलीला मात्र पटकन कळलं. नववीत आहे. म्हणाली, "म्हणजे काल बघितलेला किल्ला इथून काढलाय?" हो बाई, इथूनच.

इतिहास मला वसईमुळे थोडा माहीत आहे. गुजरातच्या बहादूरशहाला हुमायूनची धास्ती, म्हणून १५३४ मध्ये त्याने आमची वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. १५३७ मध्ये याच दीवसमोरच्या समुद्रात त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मेला. मग १५३८ चा वेढा, १५४६ चा वेढा. दुसऱ्या वेढ्यानंतर किल्ला जवळपास नव्याने बांधायचा होता आणि पैसे नव्हते. तेव्हा गव्हर्नर जुआंव द कास्त्रूने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून काय पाठवलं? स्वतःच्या दाढीचे केस! मुलगा याच वेढ्यात मेलेला. त्याची हाडं तारण ठेवायचा विचार होता, पण पुरलेलं प्रेत उकरण्याजोगं झालं नव्हतं.

म्हणजे बघा, पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दाढीची हकीकत आपल्याला माहीत आहे. आणि दगड ज्यांनी काढला त्यातल्या एकाचंही नाव नाही. एकाचंही!

बरं, आपले धुतल्या तांदळाचे होते असं मी म्हणत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचं नाव आहे, तेवढ्यावर आपण छाती फुगवतो. पण हिरोजी बांधकाम करवून घेणारा. टाकी मारणाऱ्यांची नावं तिथेही नाहीत. झालं? आता पुढे.

अण्णांनी हात लावून काय सांगितलं ते ऐका. ते जन्मभर काळा दगड फोडत आले. इथल्या भिंतीवर नख ओढलं आणि हसले. "हा तर खरवस आहे रे." मग त्या भिंतीवरच्या रेघा दाखवायला लागले. चारी बाजूंनी चर मारायची, खालून पहार घालायची, उचकटायचा, की खालचा थर मोकळा. वरून खाली असं उतरत जायचं, म्हणून ते टप्पे. जिना कुणी बांधलेला नाही, दगड नेता नेता जिना झालाय. छताच्या भोकाकडे बघून म्हणाले, "उजेड पायजेच. नायतर हात तुटतो." स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

आणि मग एका कोपऱ्यात थांबले. सगळ्या टाक्यांच्या खुणा एका अंगाला कललेल्या, आणि तिथे हातभर पट्टा उलट कललेला. तळवा ठेवला, डोळे मिटले. म्हणाले, "हा डावखुरा होता."

त्या क्षणी, बरोबर त्या क्षणी, "काका, जरा साइडला व्हा ना."

मी त्या पोराला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बायकोने दंड धरून बाहेर नेलं. अर्धा तास धुमसत होतो. हीच टोळी सकाळी खुकरीच्या स्मारकावर भेटली होती. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिथे हीच पोरं टोप्या काढून गप्प उभी होती, एकानेही फोन काढला नाही. म्हणजे वळण आहे, संस्कार आहेत. मग दोन तासांत कुठे गेले? मला वाटतं, तिथे पाटी आहे. काय झालं ते लिहिलेलं आहे, म्हणून मान आपोआप खाली जाते. नायडात टाकीच्या खुणा आहेत, पण ती लिपी वाचणारा आत एकच माणूस होता आणि त्यालाच बाजूला केलं.

आता थोडा निवळलोय. एवढं कबूल करतो की मला ही जागा कळली तीच एका रीलमुळे. आणि फोटो आम्हीही काढले, बायकोने निदान चाळीस. शनिवार-रविवारी गुजरातची दारूबंदी चुकवायला इथे जी झुंबड उडते, त्यापेक्षा भिंतीचे फोटो काढणारी पोरं शंभरपट बरी. पोरगं वाईट नव्हतं. मी ओरडल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. बाहेर आल्यावर अण्णांना पाण्याची बाटली देऊन गेला, आणि अण्णांनी ती घेतली. वर मलाच ऐकवलं, "तुला काय गरज होती? त्याला काय ठावं."

संध्याकाळी किल्ल्यावर परत गेलो, अण्णांच्या हट्टाने. तोफा बघितल्या नाहीत, दीपगृह बघितलं नाही. तटाच्या कडेकडेने भिंतीला हात लावत चालले होते. मुलीने विचारलं, "आजोबा, काय शोधताय?" म्हणाले, "त्याचा दगड कुठे लावलाय बघतो."

बाय द वे, त्या पोराच्या रीलमध्ये सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात एक हात आला असणार. दोन बोटं अर्धी, भिंतीवर टेकवलेला. कुणाला दिसली तर मला टॅग करा. आमच्या चाळीस फोटोंत तो हात एकाही फोटोत नाही.