चेक सिनेमातला बाप म्हणजे सरकार नाही हो

सिनेमाच्या ग्रुप्सवर सध्या एक पोस्ट फिरतीये, मलाच तीन ठिकाणांहून आली. म्हणणं थोडक्यात असं: चेक (म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या) सिनेमात बाप म्हणजे कम्युनिस्ट सरकार, पोरगा म्हणजे स्वातंत्र्य, सेन्सॉरला चकवायला घरातली भांडणं दाखवायचे, आणि 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसले तिथे ही गोष्ट संपली. खाली लोकांनी धडाधड टाळ्या ठोकल्यात. वाचायला भारी आहे, मान्य, पण हे सिनेमे खरंच बघून लिहिलंय का अशी शंका येते.

बापापासूनच सुरुवात करू. दिग्दर्शक मिलोश फॉर्मनचा 'ब्लॅक पीटर', 1964 चा. कोलिन नावाच्या छोट्या गावात पेत्र किराणा दुकानात नुकताच लागलाय, सेल्फ सर्व्हिस दुकान, आणि याचं काम काय तर गिऱ्हाइकं चोरी करतायत का ते बघायचं. एका माणसाचा संशय येतो म्हणून हा त्याच्या मागे मागे अख्खं गाव फिरतो आणि काहीही न करता परत येतो. घरी बाप तयारच. लेक्चर सुरू. आता हा बाप बघा, पक्षाचा माणूस वगैरे काही नाही, साधा गृहस्थ, कमरेवर हात ठेवून खोलीत येरझाऱ्या घालणारा, आमच्या वेळी असं नव्हतं छापाचा. हे काम केलंय यान वोस्ट्रचिलने, जो नट नव्हताच, कोलिनमध्ये बँड चालवायचा. म्हणजे फॉर्मनने गावातलाच एक खराखुरा काका उचलून आणला. सिनेमा संपतो तो बाप पोराला सुनावत असताना, वाक्य अर्धवट आणि फ्रेम थिजते. बस. पुढचं वाक्य नाहीच. आता यात सरकार शोधायचंच असेल तर सापडेलही, शोधणाऱ्याला वरणातसुद्धा सापडतं. पण खरी गंमत ही आहे की बापाकडे सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही आणि तरी त्याला बोलायचंय.

आणि बाप म्हणजे सरकार हे गणित पार मोडायचं असेल तर यान हर्झेबेकचा 'पेलीश्की' बघा, 1999 चा. प्रागमधल्या एकाच घरात दोन कुटुंबं, 1967 चा नाताळ ते 1968 चा ऑगस्ट. एक बाप, शेबेक, लष्करात अधिकारी, पक्षावर अढळ श्रद्धा, पूर्व जर्मनीतून प्लास्टिकचे चमचे आणून कौतुक करणारा (चमचा गरम कॉफीत वितळतो, तरी भक्ती कायम). दुसरा बाप, क्राउस, कम्युनिस्टांचा कट्टर द्वेष्टा. आता सांगा, यातला सरकार कोण? कारण घरात दोघंही सारखेच हुकूमशहा आहेत, क्राउस तर कांकणभर जास्तच! पोरांना दोघांचाही तेवढाच वैताग. आणि रणगाडे आल्यावर सगळ्यात जास्त मोडून पडतो तो तोच भाबडा शेबेक.

आता पोरगा म्हणजे स्वातंत्र्य. यिर्जी मेंझेलचा 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स', 1966 चा, बोहुमिल हराबलच्या कादंबरीवरून, याला ऑस्करही मिळालं. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, देश जर्मनांच्या ताब्यात. सुरुवातीलाच आई मिलोशच्या (हा सिनेमातला पोरगा, फॉर्मन नव्हे) डोक्यावर रेल्वेची टोपी चढवते, अगदी राज्याभिषेक केल्यासारखी. आणि या पोराचं स्वप्न काय? बापासारखंच व्हायचं. बाप रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता, ऐन चाळिशीत पेन्शन घेऊन सोफ्यावर पडलाय, घड्याळ बघून गाड्या वेळेवर गेल्या का ते तपासतो. पोरालाही प्लॅटफॉर्मवर युनिफॉर्म घालून उभं राहायचंय, दुसरे राबत असताना आपण काही न करता. याला बंडखोर म्हणायचं? त्याचं सगळं टेन्शन आहे ते पहिल्यांदा मुलीजवळ गेल्यावर जमलं नाही याचं, त्यापायी तो स्वतःच्या नसा कापून घेतो. शेवटी जर्मनांच्या दारूगोळ्याच्या गाडीवर बॉम्ब टाकतो हे खरं, पण तिथेही गोळी लागून मरतो आणि स्फोटाच्या वाऱ्याने तीच टोपी गडगडत प्लॅटफॉर्मवर येते. ही चेष्टाही आहे आणि ट्रॅजेडीही, घोषणा मात्र नाही.

सेन्सॉरचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, तो देऊन टाकतो. व्हेरा खितिलोव्हाच्या 'डेझीज'वर 1967 मध्ये थेट संसदेत एका खासदाराने तक्रार केली, आणि मुद्दा काय तर सिनेमात अन्नाची नासाडी दाखवलीये. दोन पोरी मेजवानीच्या टेबलावर चढून केक तुडवतात ना, त्यावरून. इथे सरकार खरंच ताटात टाकू नकोस म्हणणाऱ्या आजोबांसारखं बोललं, म्हणजे पोस्टवाल्याचा दावा बरोबर उलटा झाला. पण चकवायला घरातली भांडणं दाखवायचे हे नाही पटत. या मंडळींना शिकवलं प्रागच्या सरकारी फिल्म स्कूलने, सिनेमाचा धंदा 1945 पासूनच सरकारच्या ताब्यात, पैसाही सरकारचाच. आणि फॉर्मनला घर हा निव्वळ बुरखा म्हणून कशाला लागेल, त्याची आई औशविट्झच्या छळछावणीत वारली, वडीलही नाझींच्या छावणीतच वारले, तो नातेवाइकांकडे वाढला. घरातला कटकट करणारा बाप त्याने इतक्या बारकाईने का बघितला असेल, तुम्हीच सांगा.

68 ला संपलं हे तर सरळ चूक आहे. वर 'पेलीश्की' सांगितलाच. त्याआधी 1991 मध्ये 'एलिमेंटरी स्कूल' आला, युद्ध नुकतंच संपलेल्या काळातला. त्यात पोराला आपला बाप साधा नोकरदार आहे याची लाज वाटते आणि युनिफॉर्म घालून आलेला, युद्धाच्या फुशारक्या मारणारा मास्तर हीरो वाटतो. हा सिनेमा लिहिला झ्देन्येक स्व्हेराकने, बापाचं काम त्यानेच केलं आणि दिग्दर्शक त्याचा मुलगा यान. पिढ्यांच्या भांडणाचा सिनेमा बापलेकांनी मिळून काढलाय! 2010 मध्ये 'आयडेंटिटी कार्ड' आला, सत्तरच्या दशकात पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातात सरकारी ओळखपत्र पडतं तिथून सुरू होणारा.

आणि एक गोष्ट पोस्टमध्ये अजिबातच नाही, मुली. सगळं बाप आणि पोरगा. फॉर्मनचाच 'लव्हज ऑफ अ ब्लॉन्ड' घ्या, 1965 चा. बुटांच्या फॅक्टरीत काम करणारी आंदुला एका पियानोवाल्या पोराशी झालेल्या एका रात्रीच्या ओळखीवर बॅग घेऊन प्रागला त्याच्या घरी पोचते. आईबाप चक्रावतात. रात्री आई पोराला ओढून आपल्या खोलीत घेऊन जाते, तिघं एकाच पलंगावर, पांघरुणाची ओढाओढ, पाय कुणाचा कुठे, आणि कुजबुजत भांडण चालू, ही कोण, का आली, लोक काय म्हणतील. हॉलमध्ये मी हसून हसून बेजार झालो होतो आणि मग कॅमेरा दाराबाहेर जातो, तिथे आंदुला गुडघ्यावर बसून सगळं ऐकतीये, रडतीये. परत हॉस्टेलवर आल्यावर ती मैत्रिणीला सांगते की त्याचे आईबाबा खूप छान आहेत.