हळदीची नोंद अशी ठेवा की कुणाच्या बापाला सापडू नये

आडत दुकानासाठी सॉफ्टवेअर बनवताय? मग पहिलं म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात ठळक, तिरकं, लाल, निळं अशी झाडून सगळी बटणं द्या. सांगलीच्या मार्केट यार्डात हिशोब लिहिणाऱ्याला नटवानटवीची भारी हौस.

लिहिलेलं टॅगांसकट, म्हणजे ठळक-लाल सांगणाऱ्या एचटीएमएलच्या खुणांसकट, डेटाबेसात कोंबा आणि सर्चला लाइक लावा, म्हणजे अक्षरं जशीच्या तशी जुळवणारी आज्ञा, दोन्हीकडे 'आगंमागं काहीही चालेल' सांगणारं टक्क्याचं चिन्ह टाकून. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, कामाला येत नाही, येईना का.

मग गंमत बघा. परवा पलूसकडचे एक काका पट्टी घेऊन काउंटरला उभे, "दिवाणजी, वजनातला फरक तुम्हीच लिवून घेतला हुता की." घेतला होताच. मी सर्चमध्ये राजापुरी टाकलं, उत्तर आलं एकही नोंद नाही. सांगलीत, सौद्याच्या दिवसांत, राजापुरी हळदीची एकही नोंद नाही! काका माझ्याकडं असं बघाय लागले की जणू मीच पोतं पळवलंय. शेवटी एकेक शेरा उघडत बसलो तर नोंद तिथंच, लालभडक, पोरानं बोल्ड करताना माउस अर्ध्यात सोडलेला, 'राजा' ठळक आणि 'पुरी' साधी, म्हणजे मधोमध बोल्ड बंद करणारा टॅग ठाण मांडून बसलेला, मग सलग राजापुरी सापडायची कुठनं?

लॉट नंबर १४ शोधा. सगळ्या नोंदी येतात, कारण प्रत्येक शेऱ्यात फॉन्टची साइज १४ आहे.

'वजन फरक' शोधूच नका, मधली स्पेस ही स्पेस नाही, ती एनबीएसपी आहे, दिसायला स्पेसच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ओळ तुटू न देणारं वेगळंच चिन्ह.

'शेतकऱ्या'तला ऱ दोन तऱ्हांनी साठतो, अख्खं अक्षर म्हणून किंवा र आणि नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, म्हणून. युनिकोड, म्हणजे अक्षरांना नंबर देणारं मानक, दोन्ही एकच मानतं, तुम्ही मानू नका.

वर्डमधून पेस्ट करू द्या, ओळभर मजकुरामागं पानभर स्टाइल येते.

तक्रार आली तर सर्च करताना टॅग सरसकट उडवा, म्हणजे 'सांगली', मग ओळ तोडायचा टॅग, मग 'मिरज', याचं सांगलीमिरज होतं. पुन्हा तक्रार आली तर प्रत्येक टॅगच्या जागी स्पेस घाला, की राजा एकीकडं आणि पुरी एकीकडं. तिसऱ्यांदा फोन केला तर सांगा, "सर, युजरनी नीट टाइप करायला पाहिजे." हे मला ऐकवलंय बरं का, नीट टाइप करा म्हणे! बटणं कुणी दिली होती, आम्ही मागितली होती का?

अरे बाबांनो, शोधायला वेगळा कॉलम ठेवा की! दाखवायला टॅगवालं, शोधायला साधं. सेव्ह करतानाच परिच्छेद आणि ओळ तोडणाऱ्या टॅगांच्या जागी स्पेस, बोल्ड, स्पॅन असल्या नुसत्या नटवणाऱ्या टॅगांच्या जागी काहीच नाही, एनबीएसपीची साधी स्पेस, युनिकोड एकसारखं, संपलं. पोस्टग्रेस या डेटाबेसचा फुल टेक्स्ट सर्च टॅग ओळखून बाजूला टाकतो, इलास्टिकसर्च या शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅग काढणारा एचटीएमएल स्ट्रिप फिल्टर आयता मिळतो, जगानं हे कधीच सोडवलंय आणि तुम्ही अजून टक्क्याची चिन्हं लावत बसलाय. वर्षाचे मेंटेनन्सचे पैसे घेता ना? मग जुन्या नोंदींवरनं पण स्क्रिप्ट फिरवा, आणि रात्री फिरवा, सौदे चालू असताना नको.