यादी नको, त्या पोराला एक पान समजावून द्या

आज सकाळी एका नव्या फायरमन पोराचा मेसेज आला. जुन्नरकडचा, नोकरीला लागून अजून वर्ष व्हायचंय. ग्रुपवर कुणीतरी 'फायर आणि रेस्क्यूवाल्यांसाठी शंभर उपयोगी लिंका' अशी यादी टाकली आणि हा बिचारा त्यातली एक, धोकादायक मालाच्या अपघातांसाठीच्या ईआरजी या इंग्रजी हँडबुकची, उघडून तीन रात्री वाचत बसला. "सर, ईआरजी पहिल्या पानापासून वाचतोय. साठ पानं झाली. डोक्यात काहीच राहत नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून का?"

वाचून जीव तुटला. मग डोकं फिरलं. पोरावर नाही, न उघडता यादी पुढे ढकलणाऱ्यांवर.

अरे, ईआरजी हे पहिल्या पानापासून वाचायचं पुस्तकच नाही! टँकर आडवा झाला की पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, एवढ्यासाठी ते आहे. पाटीवरचा चार आकडी यूएन नंबर, म्हणजे त्या मालाचा ओळख क्रमांक, लांबूनच वाचायचा, लागली तर दुर्बीण घ्यायची. पिवळ्या पानांत तो नंबर शोधला की समोर गाईड नंबर मिळतो. नंबर दिसत नसेल पण मालाचं नाव कळलं, तर निळी पानं. मग केशरी पानांत तो गाईड उघडायचा. डावीकडे धोके आणि लोकांची सुरक्षा, उजवीकडे आग, गळती, प्रथमोपचार. नाव हिरव्या पट्ट्यात असेल आणि आग लागलेली नसेल, तर थेट हिरवी पानं, कारण तो माल श्वासातून मारतो आणि लोकांना किती लांब हलवायचं ते तिथं आहे. एलपीजीचा नंबर १०७५, गाईड ११५. टाकी आगीत सापडली असेल तर चारी बाजूंनी १६०० मीटर मोकळं करा, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे शंभर मीटरवर लोक मोबाईल धरून उभे असतात. मिथेनॉलचा १२३०, गाईड १३१. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि साधा फोम त्यावर टिकत नाही, अल्कोहोलवर टिकणारा फोम लागतो.

झालं. पंधरा मिनिटांचं काम. २०२४ ची आवृत्ती फुकट उतरवता येते, मोबाईल ॲपही आहे. पुण्यातल्या जवानाला हे नाही लागणार तर कुणाला? २०२३ च्या जूनमध्ये लोणावळ्याजवळ एक्स्प्रेसवेवर टँकर पेटला, जळतं द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडलं आणि माणसं गेली. तरी या पोराला साठ पानं एकट्यानं चाचपडावी लागली.

ती यादीही उघडून पाहिली. चौथ्या नंबरला वायझर. रसायनांची माहिती देणारं हे अमेरिकेचं ॲप २०२३ च्या फेब्रुवारीत बंद झालंय! वर्दीवर, म्हणजे मदतीच्या कॉलवर असताना एखादा ते शोधत बसला तर? त्याऐवजी कॅमिओ केमिकल्स घ्या. मोबाईलवर आधीच उतरवून ठेवलं की नेटवर्क नसतानाही चालतं, आणि दोन रसायनं एकत्र आली तर काय होईल हेही सांगतं. सोबत निऑशचं, म्हणजे कामावरच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं, रसायनांचं पॉकेट गाईड ठेवा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरायच्या वर्दीला त्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांवर गेला की जिवाला तात्काळ धोका, आणि साधारण त्याच पातळीला नाक मरतं, सडक्या अंड्यांचा वास येणंच थांबतं. "आता वास नाही, उतरा" म्हणणारा माणूस तिथंच घात करतो. वायू मोजायचं मीटर दोरीनं सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं. आधी ऑक्सिजन, मग पेटणारा वायू, मग विषारी. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर बीए सेटशिवाय, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडर-मास्कशिवाय, कुणीही उतरायचं नाही, आत भाऊ पडलेला असला तरी.

मान्य, मोबाईलवर वाचून कुणी फायरमन होत नाही. ड्रिल ती ड्रिलच. पण न वाचता केलेली ड्रिल म्हणजे होज पसरणं आणि गुंडाळणं, एवढंच उरतं.

यादीत खरं सोनं ७३ व्या नंबरला पुरून ठेवलंय. ड्यूटीवर असताना झालेल्या अग्निशमन जवानांच्या मृत्यूंची चौकशी अमेरिकेत निऑशनं १९९८ पासून केलीय. ते अहवाल फुकट आहेत. कुणाला दोषी ठरवायला ते लिहीत नाहीत, पुढचा जीव वाचावा म्हणून लिहितात. ते वाचायचीही एक रीत आहे. घटनाक्रमापर्यंत वाचायचं, शिफारशींच्या आधी थांबायचं. वॉचरूममध्ये सगळ्यांना विचारायचं, इथं तू तांडेल, म्हणजे टोळीचा म्होरक्या असतास तर काय केलं असतंस? मग शिफारशी उघडायच्या. पुन्हा पुन्हा तेच दिसतं: हवा संपत आली हे उशिरा कळलं, मदतीची हाक उशिरा दिली, आत किती जण आहेत याचा बाहेर हिशेब नव्हता.

हवेचा हिशेब तर पाठच पाहिजे. बीए सेटचा ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की १८०० लिटर हवा. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, म्हणजे ३३० लिटर राखीव. उरले १४७०. पाठ्यपुस्तकातल्या मिनिटाला ४० लिटरनं ३६ मिनिटं होतात. पण चौथ्या मजल्यावर होज ओढत चढणारा माणूस ८० लिटर सहज ओढतो, मग १८ मिनिटं. त्यातच परतीची वाट. शिट्टी वाजेल तेव्हा माणूस बाहेर असायला हवा, आत वळायच्या बेतात नव्हे. हा हिशेब त्या पोराला कुणी सांगितला होता? एका क्लासनं भरतीच्या तयारीचे त्याच्याकडून हजारो रुपये घेतले आणि हातात दिलं काय, तर हीच लिंकांची पीडीएफ. संताप येतो हो.

यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या फायर सेफ्टी रिसर्च इन्स्टिट्यूटचे फुकट कोर्स आणि व्हिडिओ आहेत. त्यांनी जुन्या पद्धतीच्या आणि आजच्या सामानाच्या खोल्या शेजारी शेजारी पेटवून दाखवल्या. जुनी खोली पूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास गेली, आजची पाच मिनिटांच्या आत भडकली, सोफ्यातल्या फोममुळे. लगेच कुणीतरी म्हणेल, तिकडची घरं लाकडी, आपली काँक्रीटची. खरंय. पण सोफा तोच आहे ना? उलट आपल्या खिडक्यांना ग्रील आहेत, तिथून बाहेर पडता येत नाही. म्हणून बंद दाराचा धडा आपल्याला जास्त लागतो: दार लोटून घेतलेल्या खोलीतला माणूस तगतो, आणि पाणी तयार नसताना दार उघडणारा जवान आगीला हवा पुरवतो.

ढिगाऱ्याच्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या इन्साराग या शोध-बचाव गटाची मार्गदर्शक तत्त्वं. सगळं नका वाचू. शिट्टीचे तीन इशारे आधी पाठ करा. एक लांब, तीन सेकंदांची: काम थांबवा, शांतता. तीन छोट्या, पुन्हा पुन्हा: बाहेर पडा. एक लांब, एक छोटी: पुन्हा सुरू. ढिगाऱ्याखालची हाक ऐकायची तर जेसीबी बंद आणि गर्दी गप्प, दुसरा उपाय नाही.

इमारतींच्या तपासणीवर जाणाऱ्यांनी बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या पोर्टलवर नोंदणी करून आयएस २१९० हे मानक उतरवून घ्यावं. एक्स्टिंग्विशर कुठं, कोणता, किती दिवसांनी तपासायचा, सगळं त्यात आहे. दोरीच्या गाठी शिकायला ॲनिमेटेड नॉट्स ही वेबसाइट. बाकीच्या नव्वद लिंका सोडून द्या.

आणि इंग्रजी. हो, अडतंच, नाकारून उपयोग नाही. पण त्या पोरानं रात्री दोन वाजता स्वतःला कच्चा समजावं, हे मला सहन होत नाही. त्याला उत्तर पाठवलंय: तू कच्चा नाहीस, तुला चुकीच्या पानावर बसवलं. पिवळ्या पानात १०७५ शोध आणि सांग. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं, "सर, ११५. टाकी पेटली असेल तर १६०० मीटर."

पुण्याच्या आसपासच्या केंद्रांवर पंचवीस-तीस वर्षं काढलेली माणसं माझ्या मित्रयादीत आहेत, सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफमधलेही आहेत. तुमच्या तोंडचे शब्द हवेत मला, शब्दकोशातले नकोत. आगीत हवा आत शिरते आणि धूर बाहेर पडतो, त्या वाटेला तुम्ही आपापसात काय म्हणता? दर आठवड्याला एक पान मराठीत करू. पहिलं हवेच्या हिशेबाचं, मोठ्या अक्षरात, बीए सेट टांगतात त्या भिंतीवर लावण्यासाठी. आकडे वर दिलेत, तुमच्याकडे ६.८ लिटरचे सिलिंडर असतील तर तसं कळवा, त्याचा वेगळा तक्ता करावा लागेल.