गड्ड्यातला जनरेटर आणि बागेतला

मागच्या रविवारी सोलापूरहून आप्पांचा फोन आला. संध्याकाळी बागेत फिरायला गेले होते, लाईट गेली आणि जनरेटर चालूच झाला नाही. मोबाईलच्या उजेडात बायका लेकरांना हाका मारत गेटाकडे निघाल्या. तेव्हापासून कट्ट्यावर वाद पेटलाय. एक म्हणतो ठेकेदाराने पैसे खाल्ले, दुसरा म्हणतो सगळं खाजगीकडे देऊन टाका. अहो, ठेकेदार खाजगीच होता की!

मी ओहायोत हेच काम करतो; सरकारी इमारती आणि बागांचे जनरेटर तपासत फिरतो. 'तुमच्याकडे असं होत नसेल' हे वाक्य त्यामुळे वरचेवर ऐकावं लागतं. होतं. इथेही स्वस्तात बोली लावणाऱ्याकडे बरीच कामं जातात. गेल्या हिवाळ्यात एका ठिकाणी बॅटरी पार उतरलेली निघाली, आणि वहीत 'ठीक' अशी नोंद. खाली सही माझी.

पण इथे एक नियम डोक्यात इतका बसलाय की जिथे सक्ती नाही तिथेही आम्ही तो पाळायला बघतो. एनएफपीए 110 हे आणीबाणीच्या वीजपुरवठ्याचं अमेरिकी मानक. ते सांगतं, महिन्यातून एकदा जनरेटर किमान 30 मिनिटं चालवा आणि डिझेलचा असेल तर क्षमतेच्या किमान 30 टक्के लोड द्या, म्हणजे तेवढी वीज त्यातून खरोखर ओढा. रिकामा चालवला तर इंजिन पुरेसं तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल काळं होऊन सायलेन्सरमध्ये साचतं. दोन मिनिटं धडधड ऐकून 'चालू आहे' म्हणणारा मेकॅनिक खरं तर मशीन बिघडवतच असतो.

तो असं का करतो? आपल्याकडच्या वार्षिक करारात ऑईल, फिल्टर, मजुरी धरलेली असते, डिझेल सहसा मालकाचं. मग अर्धा तास लोडवर चालवायला डिझेल मागायचं कुणी आणि मंजूर करायचं कुणी? टेंडर कुणाला मिळालं यावर आपण महिनाभर भांडतो. ही डिझेलची ओळ कुणी वाचत नाही.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत जाऊन बघा. पाळणेवाल्याचा जनरेटर रात्री उशिरापर्यंत चालतो. मधेच थांबला तर माणसं वर लटकतात आणि तिकिटाचे पैसे बुडतात, ते त्याचेच. बागेत अंधार झाला तर ठेकेदाराचं काय बुडतं? म्हणून माझं म्हणणं एवढंच: डिझेल करारातच धरा, बिल महिन्याच्या लोड टेस्टच्या नोंदीवर द्या, आणि ती टेस्ट बाग भरलेली असताना, लोकांसमोर घ्या. माझ्यासारख्याच्या सहीवर जाऊ नका.

आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "लोड म्हणजे काय लावायचं?"

"सगळे दिवे, आणि कारंजं."

"कारंजं तर दोन वर्षं बंदच आहे रे."